रिपोर्ट यायच्या आधी

माझ्याकडे येणारे पालक हल्ली फाईल उघडण्याआधी मोबाईल उघडतात, आणि मला ते बरं वाटतं. ओपीडीत आलेलं मूल एकतर प्रवासानं दमून झोपलेलं असतं, नाहीतर नव्या जागेला बुजून आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेलं असतं. ज्यासाठी त्याला रात्रभर एसटीत बसवून आणलं, ते नेमकं माझ्यासमोर घडत नाही. मोबाईलमध्ये ते असतं. मध्यरात्री काढलेलं, हललेलं, निम्मं अंधारात. मागे आजीचं नामस्मरण चालू असतं आणि कुणीतरी "अगं लाइट लाव, लाइट लाव" म्हणत असतं.

अशा व्हिडिओत मी आधी तोंड बघते. तोंडात घास नसताना जबडा चघळत राहतो, ओठ आवळतात, जीभ बाहेर येते आणि आत जाते. मग हात. बोटं चादरीवरून काहीतरी वेचत राहतात. डोळे उघडे असतात पण कुणाकडे बघत नसतात. आई म्हणते, "म्याडम, सारखे झटके येतायत." मी विचारते, "हाक मारली तर थांबतं का? हात घट्ट धरून ठेवला तर? गाढ झोप लागली की बंद होतं का?" या उत्तरांवर पुढचं बरंच ठरतं. यातली प्रत्येक हालचाल फिट नसते, आणि फिट समजून औषधाचे डोस वाढवत नेले तर मूल नुसतं गुंगीत जातं. म्हणून व्हिडिओ कसा काढायचा तेच आम्ही आता पालकांना शिकवतो. फोन आडवा धरा, पांघरूण काढा, चेहरा आणि हातपाय एकाच चौकटीत येऊ द्या, मधे एकदा नावानं हाक मारा, आणि कृपा करून त्यावर गाणं लावू नका. शेवटची सूचना अनुभवातून आलेली आहे.

मी मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर. त्यातही माझा जास्त वेळ जातो तो शरीराची प्रतिकारशक्ती शरीराच्याच मेंदूवर किंवा नसांवर उलटते अशा ऑटोइम्यून आजारांत. यातला एकेक आजार दुर्मीळ. पण सगळे मिळून आमच्या वॉर्डातल्या दोन-तीन खाटा सहसा रिकाम्या राहू देत नाहीत.

"अंगात आल्यासारखं करतोय," असं कुणी सांगितलं की आमचे तरुण रेसिडेंट डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. मी त्यांना म्हणते, हे जसंच्या तसं लिहून घ्या. काल-परवापर्यंत धडधाकट असलेलं पोर अचानक ओरडतं, ताठ होतं, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, रात्र-रात्र झोपत नाही. याचं याहून नेमकं वर्णन खेड्यातली आजी कुठल्या शब्दांत करणार? मुलाच्या मनगटात काळा दोरा असतो, कपाळावर अंगारा असतो, आणि खिशात मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठीही असते. दोन्हीकडे जाऊन आलेल्यांना मी एकच विचारते: झोप कधीपासून गेली? मुलांमध्ये पुष्कळदा पहिली तीच जाते. मग हट्ट, चिडचिड, आणि त्यामागोमाग बोलणं आटत जातं. दिवसभर टकळी चालू असणारी सहा वर्षांची मुलगी आपण बोललेल्या वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा परत म्हणते, आणि पुढच्या आठवड्यात तोही म्हणेनाशी होते. घरच्यांना वाटतं घाबरली असेल, कुणीतरी शाळेत रागावलं असेल. तसं वाटणं चुकीचं नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत तसंच असतं.

आम्ही शिकत होतो तेव्हा अशा मुलांच्या केसपेपरवर 'विषाणूजन्य मेंदूज्वर' एवढंच लिहिलं जाई आणि खाली, विषाणू सापडला नाही, अशी एक ओळ. काही मुलं बरी होत, काही जात, काही मनोरुग्णालयाच्या वाटेला लागत. 2005 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच लक्षणांच्या काही तरुण स्त्रियांची नोंद केली. त्या सगळ्यांच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. अशा गाठीत चेतासंस्थेच्या पेशीही असू शकतात. त्या पेशींविरुद्ध शरीरानं केलेली अँटिबॉडी मेंदूत जाऊन काय करते, ते 2007 मध्ये उलगडलं: ती एनएमडीए रिसेप्टरला चिकटते. लहान मुलांत ही गाठ क्वचितच सापडते, तरी सोनोग्राफी आम्ही करतोच.

या शोधाचा माझ्या रोजच्या कामातला अर्थ मी पालकांना असा सांगते. मेंदूची पेशी म्हणजे घर आणि रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल. या आजारात कुणीतरी बेल काढून आत नेऊन ठेवली आहे. बाहेरचा माणूस बेल शोधतोय, घरातल्यांना काही ऐकू जात नाही, पण घर पडलेलं नाही. अँटिबॉडी कमी झाली की बेल परत दारावर लागते. हे ऐकताना वडिलांचा चेहरा थोडा सैल होतो, आणि मग ते हमखास विचारतात, "किती दिवसांत लागेल?" तिथे मी आठवड्यांची भाषा सोडून महिन्यांची बोलायला लागते.

न्यूयॉर्कच्या पत्रकार सुझाना कहालन यांना हाच आजार झाला होता. त्यांचं 'ब्रेन ऑन फायर' हे पुस्तक 2012 मध्ये आलं. त्यांच्या तपासण्या एकामागून एक नॉर्मल येत होत्या, आणि एका डॉक्टरांनी त्यांच्या हातात कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यातच कोंबले. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. एमआरआयचं यंत्र काही कोटींचं असतं आणि या आजारात कितीतरी वेळा ते 'सगळं ठीक' म्हणतं. कागद-पेन्सिल बाकी बोलते. मुलांना मी घड्याळ सांगत नाही, हल्ली काट्यांचं घड्याळ कितीजणांना येतं कोण जाणे. मी त्यांना घर काढायला सांगते, नाव लिहायला सांगते आणि शाळेची जुनी वही मागवते. तीन महिन्यांपूर्वीचं अक्षर आणि आजचं अक्षर शेजारी ठेवलं की आजार कधी सुरू झाला याची तारीखच मिळते.

पण निदानाची घाई करून चालत नाही, कारण आपल्या मुलखात मेंदूला सूज आणणारे उमेदवार पुष्कळ आहेत. मेंदूचा क्षयरोग आहे. जपानी मेंदूज्वर आहे. चांदीपुरा विषाणू तर नागपूर जिल्ह्यातल्या गावाच्या नावाचा, 1965 मध्ये तिथेच सापडलेला. तो मुलाला एक-दोन दिवसांत नेतो, विचार करायला वेळ देत नाही. गोवरानंतर काही वर्षांनी डोकं वर काढणारा एसएसपीई आहे. त्यात मूल अभ्यासात मागे पडतं, मग चालता-चालता दचकल्यासारखं पडतं, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. आणि हर्पिस आहे. हर्पिसची गंमत वेगळी, गंमत म्हणजे गंमत नव्हे. त्याचा मेंदूज्वर औषधानं बरा होतो, मूल घरी जातं, आणि काही आठवड्यांत पुन्हा तोंड वेडंवाकडं करायला लागतं. सगळ्यांना वाटतं विषाणू परत आला. स्पेनमधल्या एका अभ्यासात हर्पिसच्या मेंदूज्वराच्या 51 रुग्णांवर लक्ष ठेवलं, तर त्यातल्या 14 जणांना पुढे ऑटोइम्यून आजार झाला. म्हणजे विषाणू गेला होता, मागे भांडण लावून. अशा मुलाला पुन्हा तेच विषाणूविरोधी औषध देत बसलं तर दिवस फुकट जातात.

हे सगळं वेगळं काढायचं तर पाठीतलं पाणी लागतं. "पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं" ही समजूत मी पुण्यात ऐकली आहे, सोलापुरात ऐकली आहे आणि उच्चशिक्षित काकांकडून फोनवर ऐकली आहे. तिचं मूळही समजण्यासारखं आहे: ज्या मुलांचं पाणी काढलं जातं ती मुळात गंभीर असतात, पुढे जे होतं त्याचं खापर सुईवर फुटतं. मी वडिलांच्या पाठीवरच बोट ठेवून दाखवते की मज्जारज्जू इथे वर संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली जाते. आयांना ते दाखवावं लागत नाही. बाळंतपणात भूल घेतलेली एखादी आई मधेच म्हणते, "माझ्या पाठीत दिली होती तशीच ना?" आणि प्रश्न मिटतो. चार-पाच नळ्यांत थेंब-थेंब जमवलेलं ते पाणी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत जातं. अँटिबॉडीसाठी रक्त आणि पाणी दोन्ही पाठवते. एनएमडीएच्या बाबतीत नुसत्या रक्तावर मी भरवसा ठेवत नाही. पाण्यातली अँटिबॉडी जास्त खरं बोलते.

आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात.

माझ्या मते या कामातलं कसब आहे ते इथे. मूल झोपत नाही, बोलत नाही, नाडी आणि रक्तदाब मनाला येईल तसे वरखाली होतायत, आणि माझ्या हातात ना नकार आहे ना होकार. 2016 मध्ये प्रौढांसाठी आणि 2020 मध्ये मुलांसाठी निदानाचे निकष छापून आले. लक्षणं, इईजी, पाण्यातल्या पेशी यांच्या जोरावर 'शक्यता दाट' असं म्हणून उपचार सुरू करायला ते मुभा देतात. पण निकष छापणारे लोक माझ्या वॉर्डात नसतात. क्षयरोग असताना स्टेरॉईड एकटंच दिलं तर तो आजार फोफावू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि पाण्याची तपासणी हाती येईपर्यंत थांबावं लागतं. जंताचं औषध द्यावं लागतं. हर्पिसचं औषध शेजारच्या नळीतून चालूच असतं, ती तपासणी निर्धोक आली की ते बंद करायचं. माझे काही सहकारी म्हणतात, रिपोर्ट येऊ दे. त्यांचं म्हणणं मी ऐकते आणि बहुतेकदा संध्याकाळच्या राउंडला स्टेरॉईड लिहिते. किलोमागे 30 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 1 ग्रॅम, तीन ते पाच दिवस. उशिरा सुरू केलेल्या मुलांची वाट लांबते, हे जगभरच्या नोंदी सांगतात आणि आमच्या वॉर्डातल्या खाटाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला अलीकडे जास्त सतावते. 'ऑटोइम्यून पॅनल' ही तपासणी आता तालुक्याच्या गावातूनही पाठवता येते. परिणामी थोडं विचित्र वागणारं प्रत्येक मूल एक रंगीत छापील कागद घेऊन माझ्याकडे येतं आणि त्यावर कुठली तरी अँटिबॉडी 'अंधुक पॉझिटिव्ह' असते. मूल मात्र नुसतं फिट्सचं असतं, किंवा स्वमग्न असतं, किंवा दहावीच्या ताणानं कोलमडलेलं असतं. एका कागदाच्या जोरावर त्याला महिनोन्महिने स्टेरॉईड चालू असतं. ते बंद करणं हे सुरू करण्यापेक्षा अवघड, कारण घरच्यांच्या मनात आजाराचं नाव पक्कं रुजलेलं असतं आणि नाव काढून घेणारा डॉक्टर कुणालाच आवडत नाही.

स्टेरॉईडनं भागलं नाही, किंवा त्याच्या जोडीनेच, इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून निवडलेल्या अँटिबॉडी, काचेच्या बाटलीत. किलोला 2 ग्रॅम या हिशेबानं 20 किलोच्या मुलाला 40 ग्रॅम लागतात, म्हणजे 5 ग्रॅमच्या 8 बाटल्या, आणि एकेका बाटलीची किंमत हजारांत. आमच्या सिस्टर त्या फ्रिजमधून काढून टेबलावर रांगेत ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. बाटली हलवली तर फेस होतो. नवीन सिस्टरला पहिला धडा हाच, सलाईनसारखी खळाखळा हलवायची नाही. बाटली खोलीच्या तापमानाला आली की तिच्यावरचं लेबल सोलून केसपेपरवर चिकटवायचं, बॅच नंबरासकट. मग थेंब अगदी हळू. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी ताप, नाडी, रक्तदाब. काही झालं नाही तर वेग एकेक पायरी वाढवायचा. ठणकणारं डोकं, थंडी वाजणं, उलटी हे नेहमीचं. वेग कमी केला की पुष्कळदा उतरतं. तेवढ्यात दारात वडील उभे असतात. त्यांच्या हातात केशरी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि फुले योजनेचा अर्ज. योजनेत हा आजार बसतो का, कुठल्या नावानं बसतो, बसत नसेल तर मुख्यमंत्री निधी की एखादा ट्रस्ट, हे आमच्या समाजसेवा विभागातल्या ताईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझं काम पत्र लिहून देण्याचं. ते पत्र मी अँटिबॉडीच्या रिपोर्टइतक्याच काळजीनं लिहिते, कारण त्यातला एक शब्द इकडेतिकडे झाला की अर्ज परत येतो.

जानेवारी 2025 पर्यंत पुण्यात गुइलेन-बारे हे नाव डॉक्टरांबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. मग सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात माणसांच्या पायातलं बळ जायला लागलं आणि आकडा दोनशेच्या वर गेला. महिन्याभरात रिक्षावाल्यांपासून सगळे 'जीबीएस' म्हणायला लागले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. त्या जिवाणूच्या अंगावरच्या साखरेची घडण आपल्या नसांवरच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. शरीर जुलाबाचा शत्रू ओळखायला शिकतं आणि मग त्याच ओळखीवर नसांना मारायला सुटतं. मला एरवी पालकांना ऑटोइम्यून म्हणजे काय हे समजवायला पाऊण तास लागायचा. त्या हिवाळ्यानंतर निम्मं काम वर्तमानपत्रांनी करून ठेवलं. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅपवर उरलेलं निम्मं बिघडवायचं कामही जोरात चालू होतं, ते सोडा.

खरं तर आपल्या घरांत याहून जुनी एक गोष्ट आहे आणि ती आपण विसरलो आहोत. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे माझ्या पिढीनं लहानपणी ऐकलेलं सर्वांत मोठं भय. ती लस डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलनं मारायचा आणि तो मेंदू दळून टोचायचा. लस लाखोंना वाचवत होती, पण टोचून घेणाऱ्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांत पक्षाघात व्हायचा, काही बेशुद्धीत जायचे. विषाणू त्याला जबाबदार नव्हता. टोचलेल्या मेंढीच्या मेंदूवर चाल करायला शिकलेलं शरीर स्वतःच्या मेंदूवर चाल करून जात होतं. 1933 मध्ये न्यूयॉर्कला टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना नुसता निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा-पुन्हा टोचून हेच घडवून दाखवलं. मेंदूच्या ऑटोइम्यून आजारांचं शास्त्र बरंचसं या प्रयोगावर उभं राहिलं. आपल्याकडे ती लस बंद व्हायला 2005 उजाडलं. आज तसं चित्र मुलांत दिसतं ते बहुधा एखाद्या साध्या तापानंतर: मूल झोपाळू होतं, तोल जातो, नजर जाते, एमआरआयवर कापसाच्या बोळ्यांसारखे डाग दिसतात. त्यातल्या पुष्कळांच्या रक्तात मॉग नावाची अँटिबॉडी मिळते. या मुलांना स्टेरॉईड दिलं की चौथ्या-पाचव्या दिवशी ती जेवण मागतात. आमच्या खात्यात असे सुखाचे दिवस फार नाहीत, म्हणून हा लिहून ठेवते.

ऑप्सोक्लोनसबद्दल थोडक्यात. दीड-दोन वर्षांचं, नुकतं पळायला लागलेलं मूल अचानक पडायला लागतं, हातपाय थरथरतात, आणि डोळे सगळ्या दिशांना नाचतात. मार्सेल किन्सबोर्न यांनी 1962 मध्ये हे चित्र मांडलं. यातल्या निम्म्याच्या आसपास मुलांच्या पोटात किंवा छातीत न्यूरोब्लास्टोमाची गाठ लपलेली असते. म्हणून डोळ्यांसाठी आलेल्या मुलाचं पोट स्कॅन करायला पाठवते तेव्हा आईबाप माझ्याकडे संशयानं बघतात. गाठ काढून भागत नाही. डोळे स्थिरावले तरी रात्रीच्या किंकाळ्या, राग, अडखळणारी भाषा यांच्याशी पुढची कित्येक वर्षं झगडावं लागतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सिडनहॅमचा कोरिया. 1686 मध्ये वर्णन झालेला, घशाच्या जिवाणूमागून येणारा, आणि महाराष्ट्रात अजून दिसणारा. मुलगी साधारण आठ-दहा वर्षांची. वर्गात चुळबुळ करते म्हणून मार खाल्लेला, अक्षर बिघडलं म्हणून वही फाडलेली, हातातून ताट पडलं म्हणून घरीही बोलणी. मी तिला जीभ बाहेर काढून धरून ठेवायला सांगते. जीभ सापासारखी आत पळते. माझी दोन बोटं घट्ट धर म्हणते; पकड एकदा आवळते, एकदा सैल होते, पुन्हा आवळते. हृदयाचा इको करायला पाठवते, कारण खरा धोका तिथे आहे. आणि उपचार? दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. इम्युनोग्लोब्युलिनच्या एका बाटलीच्या किमतीत त्याचे किती डोस बसतील, हा हिशोब मी करत नाही. पण रिअॅक्शनच्या भीतीनं ते टोचायला गावात कुणी तयार होत नाही, कधी औषधच मिळत नाही. शंभर कोसांवरून एका टोचणीसाठी मूल माझ्याकडे यावं हे मला पटत नाही. त्या भागातल्या डॉक्टरांना फोन करणं, टेस्ट डोस कसा द्यायचा, जवळ काय ठेवायचं हे सांगणं, हेही मी माझ्या विशेष कौशल्यात धरते. बिलात ते कुठे दिसत नाही.

डिस्चार्जनंतरचं सगळं पुस्तकात एका परिच्छेदात असतं. 2013 मध्ये एनएमडीएच्या 577 रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. दोन वर्षं पाठपुरावा झालेल्यांपैकी 81 टक्के चांगल्या अवस्थेत होते. हा आकडा मी पालकांना सांगते, पण त्यातल्या 'चांगल्या'ची फोडही सांगते. ती मोजपट्टी चालणं, स्वतःचं स्वतः करणं एवढ्यापुरती आहे. तिच्यात सातचा पाढा नाही. मूल घरी येतं, चालतं, बोलतं, शेजारीपाजारी पेढे मागतात, आणि आई मला चाचरत विचारते, "आमचा आधीचा तो परत येईल ना?" नव्या मुलाला राग येतो तो वेगळाच. दुपारी दोनला डोळे मिटतात. काल पाठ झालेली कविता आज आठवत नाही. शिवाय स्टेरॉईडनं चेहरा गोल झालेला, भूक राक्षसासारखी. सासरचे लोक सुनेला म्हणतात, तूच खायला घालून फुगवलास. मुख्याध्यापकांना मी पत्र लिहिते, तेही मराठीत, कारण शाळा मराठी आहे आणि इंग्रजी पत्र फाईलला लागून राहतं. सुरुवातीला अर्धा दिवस. पहिला बाक. पेपरला जादा वेळ. पीटी सध्या नको. वर्गातल्या मुलांना काय सांगायचं तेही दोन ओळींत. लसीकरणाच्या कार्डावर पेन्सिलीनं लिहून देते की गोवरासारखी जिवंत लस कधीपर्यंत द्यायची नाही, नाहीतर आशाताई प्रामाणिकपणे दारात येतात आणि घरच्यांची पंचाईत होते. घरात दुसरं भावंड असेल तर त्यालाही एकदा ओपीडीत घेऊन या म्हणते. ते बिचारं वर्षभर आत्याकडे राहिलेलं असतं आणि कुणी त्याला काही विचारलेलं नसतं.

औषध कधी थांबवायचं, हा फोन दर महिन्याला येतो. उत्तर आजारागणिक बदलतं आणि हे समजावणं सर्वांत जड जातं. मॉगचा आजार कितीतरी मुलांना एकदाच होऊन जातो. पहिल्या झटक्यानंतर मी वर्षानुवर्षांची औषधं सहसा लावत नाही. एनएमडीए उलटू शकतो, त्या 2013 च्या अभ्यासात दोन वर्षांत साधारण 12 टक्क्यांत तो उलटला होता, पण म्हणून सगळ्यांना आयुष्यभर बांधून ठेवणं मला मान्य नाही. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका मात्र निराळा. त्याची अँटिबॉडी 2004 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सापडली. तो जास्त करून मुलींना होतो आणि एका झटक्यात डोळा किंवा पाय घेऊन जाऊ शकतो. तिथे थांबवू का या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच असतं.

अशीच एक मुलगी मराठवाड्यातून येते. शाळकरी असताना एका डोळ्यानं अधू झाली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब चालू आहे आणि पुन्हा झटका आलेला नाही. मूळचं ते लिम्फोमावरचं औषध, त्यामुळे डे-केअरमध्ये कॅन्सरच्या रुग्णांशेजारी खुर्ची मिळते आणि गावी काय-काय बोललं जातं ते आईला ऐकावं लागतं. आईचं एक मागणं दर वेळी ठरलेलं: "म्याडम, फाईलवर आजाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहू नका. उद्या स्थळं येतील." मी लहान अक्षरात लिहिते. यावर मुलीशी माझं वेगळं बोलणं झालेलं आहे. तिच्या मते स्थळांचा विषय चार वर्षांनी.

यंदा तिला इंजिनिअरिंगला नागपुरात प्रवेश मिळाला. अठरा पूर्ण झाल्यामुळे आता ती माझी पेशंट राहणार नाही. तिथल्या मोठ्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना मी सविस्तर पत्र लिहिलं, वसतिगृहाच्या रेक्टरना एक छोटं, आणि तिच्यासाठी वेगळा कागद केला: कशाला घाबरायचं नाही आणि कशाला लगेच दवाखाना गाठायचा. एका डोळ्याला अंधुक दिसणं, डोळा हलवताना दुखणं. पायात मुंग्या वर-वर चढत येणं, लघवी अडणं. आणि न थांबणारी उचकी किंवा उलटी. हा आजार मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला धरतो तेव्हा असं होतं आणि माणसं महिनाभर पोटाच्या डॉक्टरकडे फिरत राहतात.

तिनं कागद वाचला आणि हसली. "उचकीला काय घाबरायचं, म्याडम? आई आठवण काढत असेल."

"तासभर लागली तर आई," मी म्हटलं. "48 तास लागली तर इतकी आठवण कुणी काढत नाही. तेव्हा सरळ कॅज्युअल्टीत जायचं, हा कागद दाखवायचा, आणि मला फोन करायचा."

तिनं '48 तास' खाली पेनानं रेघ मारली, कागदाचा फोटो काढून आईला पाठवला, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख सहामाही परीक्षेत येते, ती आठवडाभर पुढे चालेल का, असं विचारलं. चालेल, म्हटलं.